तंबाखूविरोधी चित्रकथेत काय काढावे: काळे फुप्फुस की शाळेबाहेरचा गाडा?

रेघोट्या (डिचोली)

मी डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या महिन्यात आमच्या शाळेत तंबाखूच्या दुष्परिणामांवरील आठ पानांची एक रंगीत चित्रकथा वाटण्यात आली. कागद गुळगुळीत होता, छपाई उत्तम होती आणि हेतूबद्दल तर शंकाच नव्हती. कथेत एक गुणी मुलगा होता, ज्याचा भांग शेवटच्या पानापर्यंत विस्कटला नाही आणि जो प्रत्येक फुग्यात निबंधातील वाक्ये बोलत होता. त्याच्या समोर काळा गॉगल लावलेला, कातडी जाकीट घातलेला एक खलनायक होता. शेवटच्या पानावर काळे पडलेले फुप्फुस होते आणि त्याच्या शेजारी एक सांगाडा.

सहावीच्या वर्गाने ती दहा मिनिटांत वाचून संपवली. सांगाडा पाहून मुले हसली, फुप्फुसाचे चित्र एकमेकांच्या तोंडासमोर नाचवून झाले आणि विषय संपला. दोन दिवसांनी वह्या तपासताना एका मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर मला तो खलनायक भेटला. मुलाने तो अगदी जीव ओतून उतरवला होता. गॉगलच्या काचेवर चकाकी दिसावी म्हणून एक कोपरा कोरा सोडलेला, दोन बोटांत सिगारेट, आणि तोंडातून निघालेली धुराची वर्तुळे दूर जाताना क्रमाक्रमाने लहान होत गेलेली. यथादर्शनाचा धडा मी त्या वर्गाला अजून शिकवलेलाही नाही. गुणी मुलगा मात्र संपूर्ण वर्गात कोणीही काढलेला नव्हता.

त्या मुलाला रागावण्यात अर्थ नव्हता, कारण त्या पुस्तिकेत मन लावून काढलेले एकच पात्र होते आणि त्याच्या डोळ्यांनी ते बरोबर निवडले होते. तेव्हापासून माझ्या मनात येते आहे की बाहेरून आलेली चित्रकथा वाटण्याऐवजी सहावी ते आठवीच्या मुलांकडूनच चार-चार चौकटींच्या गोष्टी काढून घ्याव्यात आणि १४ नोव्हेंबरला त्या शाळेच्या भिंतीवर लावाव्यात. परंतु नेमके काय काढायला सांगावे, भीती दाखवावी की नाही, आणि घरातील माणसांविषयी मुले काही काढू लागली तर काय करावे, या बाबतीत मी अडखळले आहे. येथे शिक्षक, डॉक्टर आणि चित्रकारही आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

दंतकथा (म्हापसा)

मी दंतवैद्य आहे. फुप्फुसाच्या चित्राविषयी एवढेच सांगतो की अकरा वर्षांच्या मुलाने स्वतःचे फुप्फुस कधी पाहिलेले नसते आणि कर्करोग व्हायला लागणारी वीस-तीस वर्षे त्याच्या हिशेबात बसतच नाहीत. त्याला तोंड मात्र रोज आरशात दिसते. म्हणून माझी सूचना अशी की चित्रकथा तोंडापासून सुरू करावी.

शाळेत बोलावले की मी मुलांना तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगतो. निरोगी तोंडात ती सहज जातात. सुपारी, गुटखा, मावा यांची सवय लागलेल्यांच्या तोंडातील अस्तराखाली हळूहळू घट्ट तंतू तयार होतात, गाल आतून चामड्यासारखे कडक होतात, तिखट लागले की आग होते आणि जबडा उघडेनासा होतो. सबम्युकस फायब्रोसिस असे त्याचे नाव आहे, परंतु मुलांना नाव सांगण्याची गरज नाही. पोदेराने (पाववाल्याने) आणलेला गरम उंडा, म्हणजे गोल पाव, हातात आहे, भूक लागली आहे आणि तो उंडा तोंडात शिरत नाही, एवढे एका चौकटीत दाखवले तरी गोव्यातील कोणत्याही मुलाला ते कळेल. यात केवळ तंबाखूचाच दोष असतो असेही नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीलाही, तंबाखूशिवायसुद्धा, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

दुसरी गोष्ट वयाची. तुम्ही सहावीपासून सुरुवात करणार आहात. २०१९ मध्ये देशभर १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची जी पाहणी झाली, तीत ८.५ टक्के मुले त्या काळात तंबाखूचे कोणते ना कोणते रूप वापरत असल्याचे आढळले. त्याहून बोलका तपशील सुरुवातीच्या वयाचा आहे. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के, विडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणाऱ्यांपैकी ५२ टक्के मुलांनी दहावा वाढदिवस होण्यापूर्वीच पहिली चव घेतली होती. दहावा वाढदिवस म्हणजे चौथी-पाचवी. तेव्हा सहावीची मुले वाचक म्हणून थोडी उशिराच भेटतात, पण चित्रकार म्हणून अगदी योग्य वयाची आहेत. त्यांनी काढलेल्या गोष्टी तिसरी-चौथीच्या मुलांना वाचायला द्याव्यात.

निवृत्त हेडमास्तर (पेडणे)

चर्चा चांगली चालली आहे. मी थोडा मागचा इतिहास सांगतो. म्हाताऱ्या माणसाने इतिहास सांगू नये तर काय करावे?

तंबाखूचे रोप मुळात अमेरिका खंडातील. ते पोर्तुगिजांनी आपल्या किनाऱ्यावर आणले आणि दख्खनमार्गे उत्तरेत पोहोचले. म्हणजे या व्यसनाच्या वाटेवरचे पहिले गाव आपलेच. जुन्या पिढीत फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली धुमटी ओढत असत आणि काही बायका तर तिचे जळते टोक तोंडात धरून ओढत. पुढे दात घासण्याच्या निमित्ताने ट्यूबमधून तंबाखूची पेस्ट घरोघरी आली. 'क्रीमी स्नफ' या नावाने ती गोव्यात इतकी रुळली होती की मुले ती दंतमंजन समजून हिरड्यांना लावून बसत. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास १९९२ मध्ये केंद्राने बंदी केली.

परंतु उलट बाजूही सांगितली पाहिजे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास आणि थुंकण्यास बंदी घालणारा कायदा गोव्याने १९९७ मध्ये केला. देशाचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २००३ मध्ये आला. गुटख्यावरील बंदीही आपल्याकडे २००५ मध्येच झाली. या सगळ्यामागे डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी केलेली वर्षानुवर्षांची खटपट होती. १९९६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील शाळकरी मुलांची एक पाहणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली होती. सिगारेट कंपनीने प्रायोजित केलेली क्रिकेटची मालिका टीव्हीवर पाहिलेल्या मुलांना आपले खेळाडू सिगारेट ओढतात आणि ओढल्याने खेळ सुधारतो असे वाटू लागले होते, आणि असा समज असलेल्या मुलांमध्ये सिगारेट ओढून पाहण्याचे प्रमाणही अधिक होते. त्या सामन्यांत कोणीही मुलांना सिगारेट ओढा असे सांगितले नव्हते. केवळ कंपनीचे नाव दिसत होते. रेघोट्याताईंच्या वर्गातील गॉगलवाला हा त्याच जातीचा आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी असतो आणि तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते. त्यामुळे त्या दिवसासाठी आलेले साहित्य जूनमध्ये कपाटात जाते आणि तेथेच राहते. नोव्हेंबरची तारीख तुम्ही उत्तम निवडली आहे.

आकडेमोड (पणजी)

विरोधासाठी विरोध करत नाही, परंतु एक प्रश्न विचारतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यातील प्रौढांमध्ये तंबाखूचे प्रमाण ९.७ टक्के होते आणि सर्व राज्यांत ते सर्वांत कमी होते. जेथे प्रश्न सर्वांत लहान आहे, तेथे चित्रकलेचे तास त्यावर खर्च करावेत का? आणि चित्रकथा वाचून एखादे मूल तंबाखूपासून दूर राहिले, याला पुरावा काय?

दंतकथा (म्हापसा)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच पाहणीत आहे. २००९-१० मध्ये देशाचे प्रमाण ३४.६ टक्के होते, ते २८.६ वर उतरले. त्याच काळात गोव्याचे प्रमाण ८.८ वरून ९.७ वर गेले. देश उतरत असताना आपण थोडे का होईना चढलो, आणि सर्वांत कमी असल्याच्या समाधानात ते कोणाच्या फारसे लक्षात आले नाही.

दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशी चित्रकथेपुरते उत्तर नाही, पण शाळेतील कामाचे आहे. दिल्ली आणि चेन्नई येथील ३२ शाळांत 'मैत्री' नावाचा एक प्रकल्प दोन वर्षे चालला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या शाळांत कार्यक्रम राबवला नव्हता, तेथील मुलांमध्ये तंबाखूचा वापर दोन वर्षांत ६८ टक्क्यांनी वाढला, आणि जेथे राबवला तेथे तो १७ टक्क्यांनी घटला. त्या कार्यक्रमात वर्गातील बरोबरीच्या मुलांनीच खेळ आणि चर्चा चालवल्या, भित्तिपत्रे केली आणि घरी पालकांना पोस्टकार्डे गेली. डॉक्टरांची व्याख्याने हा त्याचा कणा नव्हता, हे मी डॉक्टर असूनही मान्य करतो.

चौकटबाज (मडगाव)

मी जाहिरातींसाठी आणि मुलांच्या मासिकांसाठी चित्रे काढतो. तुमच्या खलनायकाची गोष्ट वाचून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही, कारण व्यंगचित्राची ताकद आपल्यापेक्षा तंबाखूवाल्यांना फार आधी कळली होती. अमेरिकेत एका सिगारेट कंपनीने 'ओल्ड जो' नावाचा गॉगल लावणारा उंट जाहिरातीत आणला होता. १९९१ मध्ये तेथील वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांना तो उंट मिकी माउसइतकाच ओळखता येत होता. बरीच ओरड झाल्यावर १९९७ मध्ये तो बंद करावा लागला. आपल्याकडेही लहानपणी फँटमच्या नावाने मिळणाऱ्या साखरेच्या पांढऱ्या कांड्या आठवून पाहा. एका टोकाला लाल रंग असे आणि थंडीच्या सकाळी ती कांडी ओठांत धरून तोंडातून वाफ सोडली की आम्ही सगळे मोठे होत असू. खाण्याआधी ती ओढायची, हे आम्हाला कोणीही शिकवले नव्हते.

उलट उदाहरणही आहे. बेल्जियमचे चित्रकार मॉरिस यांनी त्यांच्या लकी ल्यूक या काउबॉयच्या ओठांतील कायमची सिगारेट १९८३ मध्ये काढून तेथे गवताची काडी दिली, आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याबद्दल त्यांचा गौरव केला. काउबॉयचा रुबाब त्यामुळे तसूभरही कमी झाला नाही. यातून चित्रकाराने घ्यायचे ते एवढेच की रुबाब सिगारेटमध्ये नसतो, तो उभे राहण्याच्या ढबीत असतो. म्हणून माझी पहिली सूचना: ज्याच्या हातात सिगारेट आहे त्याला वर्गातील सर्वांत चांगल्या चित्रकाराने काढू नये. त्याला साध्या रेषेत, पाठमोरा किंवा अर्धा चौकटीबाहेर ठेवावा. सगळी मेहनत नकार देणाऱ्यावर करावी. तो घाबरलेला चालेल, घामाघूम चालेल, केस विस्कटलेला तर असावाच.

दुसरी सूचना चौकटींविषयी. 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'चे शरद शर्मा ज्या पद्धतीने गावोगावी साध्या माणसांकडून चित्रकथा करून घेतात, ती तुमच्या वर्गाला चपखल बसेल. दोन ए-फोर कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, काळ्या पेनाने काढायचे आणि झेरॉक्स करून भिंतीवर लावायचे. रंगांचा खर्च नाही आणि चित्र येत नाही असे म्हणणाऱ्या मुलालाही काम आहे, कारण गोष्ट त्याची असू शकते. पहिल्या चौकटीत माणूस आणि जागा, दुसरीत अडचण, तिसरीत ताण, चौथीत वळण. मुले हमखास तिसऱ्या चौकटीत भाषण कोंबतात. ती चौकट शक्यतो मुकी ठेवायला सांगा. पुढे केलेला एक हात आणि तो हात पाहणारे दोन डोळे, एवढ्यावर वाचक थांबतो आणि स्वतःच त्या जागी उभा राहतो.

जागाही खरी हवी. लोटलीच्या मारिओ मिरांडांची गर्दीची चित्रे मुलांना दाखवा. त्यांत प्रत्येक माणूस वेगळे काहीतरी करत असतो आणि तरीही ते ठिकाण गोव्यातीलच आहे हे क्षणात कळते. तुमच्या मुलांच्या चित्रांत शाळेबाहेरचे पिंपळाचे झाड, बसथांबा, फुटबॉलचे मैदान आणि गाडा हे सगळे ओळखू आले पाहिजे. वाटलेल्या पुस्तिकेतील रस्ता कोणत्याही गावाचा नव्हता, असा माझा न पाहताच अंदाज आहे.

गाड्यावरचा (फोंडा)

येथे गाड्याचा उल्लेख दोनदा आला, म्हणून लिहितो. माझ्या आजोबांपासून आमचा गाडा होता आणि तो एका शाळेपासून हाकेच्या अंतरावर होता. आता आम्ही तो हलवला आहे आणि त्यावर तंबाखूचे काही ठेवत नाही. माझी विनंती एवढीच आहे की गाडेवाल्याला राक्षस करू नका.

कायदा सर्वांना माहीत आहे. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत कोणालाही विकता येत नाही. बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार मुलाला तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे सगळे ठाऊक असतानाही आमच्या गाड्यावर सर्वाधिक मुले कोणत्या कारणाने यायची? चोरून ओढण्यासाठी नव्हे. हातात नोट घेऊन येत आणि 'बाबान म्हाका धाडला' असे सांगत. ओळखीच्या घरचे मूल, बाबा तिकडे सोप्यावर बसलेले दिसत असत, आणि नाही म्हटले तर संध्याकाळी बाबांशीच बोलाचाली. पाकिटावरचे ८५ टक्के जागा व्यापणारे भयंकर चित्रही त्या मुलाला दिसत नसे, कारण बहुतेक वेळा तो सुटी सिगारेट नेत असे आणि पाकीट आमच्याकडेच राहत असे. त्या मुलाच्या दृष्टीने सिगारेट आणणे आणि कोथिंबीर आणणे यांत काहीच फरक नव्हता. चित्रकथेत खरे काही काढायचे असेल, तर हे काढा.

निवृत्त हेडमास्तर (पेडणे)

गाड्यावरचे यांनी नेमके बोट ठेवले आहे. मी सेवेत असताना आम्ही शाळेभोवती ती शंभर यार्डांची पिवळी रेषा आखली होती. २०१९ च्या तंबाखूमुक्त शाळेच्या मार्गदर्शक सूचनांत ती आहेच. रंगाचा डबा आणून शिपायाकडून ती मारून घेण्याऐवजी गणिताच्या शिक्षकांनी आठवीच्या मुलांना मोजफीत देऊन फाटकापासून मोजायला लावले. मोजता मोजता फीत थेट एका गाड्याच्या बाकड्याखालून गेली आणि मुलांनी बाकड्यावरील गिऱ्हाइकांना अत्यंत आदराने पाय वर घेण्यास सांगितले. हा प्रसंग कोणी काढणार असेल, तर त्या गिऱ्हाइकांत एक शिक्षकही होते, हे मी नाव न घेता सांगतो.

कुळागर (सत्तरी)

मी पालक म्हणून लिहिते. डॉक्टरांनी सुपारीविषयी लिहिलेले खरे असेल, परंतु आमच्या भागातील अर्ध्या मुलांची फी पोफळीवर भरली जाते. सुपारी म्हणजे विष असे वर्गात सांगितले की मूल घरी येऊन बागेकडे कोणत्या नजरेने पाहील, याचाही विचार व्हावा. पूजेच्या तबकात सुपारी असते, ती मुले खातात का? खात नाहीत. पिकवणे आणि खाणे हे वेगळे ठेवून सांगता येईल.

माझा खरा त्रास दुसरा आहे. गेल्या वर्षी माझी मुलगी शाळेतील कार्यक्रमानंतर घरी आली आणि सासूबाईंसमोर उभी राहून म्हणाली, "आजी, तू मरणार." सासूबाई जेवणानंतर पान खातात आणि त्यात चिमूटभर तंबाखू असतो. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, पानाचा डबा मिटला आणि आठ दिवस नातीसमोर तो उघडलाच नाही. तंबाखू सुटला नाही, फक्त मागच्या पडवीत गेला. मुलगीही नंतर रडली. शाळेने तिला भीती दिली, पण त्या भीतीचे काय करायचे ते दिले नाही.

दंतकथा (म्हापसा)

कुळागरताई, तुमची तक्रार रास्त आहे आणि चूक आमच्यासारख्यांचीही आहे, कारण आम्ही मुलांना घाबरवून घरी पाठवतो. व्यसन सोडणे हे मोठ्यांचे काम आहे. निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते आणि वर्षानुवर्षांच्या सवयीवर नातीच्या एका वाक्याने मात होत नाही. चित्रकथेच्या तळाशी १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा विनामूल्य क्रमांक द्यावा आणि तो मोठ्यांसाठी आहे हे स्पष्ट लिहावे. सासूबाईंना मात्र एकदा तोंड तपासून घ्यायला सांगा. गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम नाही ना, एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात.

सुपारीबद्दलची तुमची सूचना मान्य. बागेचे चित्र काढू नये, रंगीत पुडीचे काढावे.

जेन-झेड म्हणतात मला (वास्को)

सर्वजण विडी-सिगारेटवर बोलत आहेत, म्हणून आठवण करून देतो की मोठ्या वर्गांत आता पेनासारखी आणि पेनड्राइव्हसारखी दिसणारी ई-सिगारेट असते आणि तिला आंब्याचा वास येतो. २०१९ पासून तिच्यावर देशभर बंदी आहे. परंतु सहावीच्या चित्रकथेत तिचे तपशीलवार चित्र काढून ओळख करून देऊ नका. नववी-दहावीसाठी वेगळी गोष्ट करा.

रेघोट्या (डिचोली)

सर्वांची मनापासून आभारी आहे. या सूचना घेऊन मी सहावी आणि सातवीबरोबर तीन तास काम केले. झालेले सविस्तर लिहिते.

प्रथम भाषेचा प्रश्न आला. शाळेचे माध्यम इंग्रजी, घरी बहुतेकांची कोकणी, आणि वाचनाची सवय काहींना मराठीची. मुलांनी निबंध असल्यासारखी वाक्ये लिहायला घेतली. तेव्हा मी सांगितले की वर्णनाची ओळ मराठीत किंवा इंग्रजीत लिहा, पण फुग्यात मात्र तुम्ही मैदानावर जे बोलता तेच लिहा. त्यानंतर वर्गाचा रंगच बदलला. आग्रह करणाऱ्या मित्राच्या तोंडी 'भियेलो मरे हो!' (हा घाबरला रे!) असे एका मुलीने लिहिले आणि साऱ्या वर्गाने ते वाक्य ओळखले. याला उत्तर काय द्यायचे, यावर अर्धा तास गेला. लांबलचक उत्तरे एकेक करून बाद झाली. शेवटी 'म्हाका नाका. हांव खेळपाक वतां' (मला नको. मी खेळायला जातो) एवढेच उरले. मुलांचे म्हणणे असे की कारण सांगितले की समोरचा वाद घालतो, आणि निघून गेले की वाद घालायला कोणी उरत नाही. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते.

चौकटबाज यांची मुकी चौकट सर्वांत अवघड गेली. रिकामी जागा दिसली की मुलांचा हात शिवशिवतो. एकाने तेथे ढग काढले, दुसऱ्याने शाळेचे बोधचिन्ह.

गॉगलवाला खलनायक एकाच कागदावर पुन्हा आला, परंतु या वेळी तो पाठमोरा होता आणि फुटबॉलच्या मैदानावर धापा टाकत कंबरेवर हात ठेवून उभा होता. काढणारा तोच मुलगा.

आता ज्या कागदावर माझे अडले आहे, त्याविषयी. सातवीतील एका मुलाने अशी गोष्ट काढली आहे. पहिल्या चौकटीत सोप्यावर बसलेले बाबा मुलाला वीस रुपयांची नोट देतात. बाहेर पाऊस आहे. दुसरीत मुलगा गाड्यावर आहे आणि गाडेवाला एका हाताने मुलांना तंबाखू न विकण्याच्या पाटीकडे बोट दाखवतो, दुसऱ्या हाताने त्याला पुसायला टॉवेल देतो. तिसरी चौकट मुकी आहे: भिजलेला मुलगा पिवळ्या रेषेवर उभा, मुठीत नोट. चौथीत मुलगा सोप्यावर ऐटीत बसला आहे आणि बाबा डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून, लेंगा वर खोचून, चिखलातून स्वतः गाड्याकडे निघाले आहेत. वर्ग पोट धरून हसला. सांगाड्याला हसला होता त्याहून हे हसू वेगळे होते.

मी त्याला विचारले की बाबा शेवटी सिगारेट सोडतात असे का दाखवले नाहीस. तो म्हणाला, "टीचर, ते सोडत नाहीत. मग खोटे कसे काढू?"

आकडेमोड (पणजी)

पुराव्याविषयीचा माझा प्रश्न अद्याप उभा आहे, परंतु या कागदाची एक प्रत मला हवी आहे.

निवृत्त हेडमास्तर (पेडणे)

शेवट बदलावा, असे माझे मत आहे. शाळेच्या भिंतीवर लागणाऱ्या गोष्टीत वडील सिगारेट आणायला निघालेले दाखवणे बरे दिसत नाही. किमान पाचवी चौकट घालून त्यांनी मदतवाहिनीला फोन लावलेला दाखवावा.

चौकटबाज (मडगाव)

सर, आदरपूर्वक असहमती नोंदवतो. पाचवी चौकट आली की गुणी मुलगा परत येईल, या वेळी लेंगा घालून. क्रमांक कागदाच्या तळाशी आहेच. ही गोष्ट बाबांनी सिगारेट सोडल्याची नाही, मुलाने ती आणून देणे सोडल्याची आहे.

गाड्यावरचा (फोंडा)

टॉवेल देणारा गाडेवाला काढल्याबद्दल त्या मुलाला माझ्याकडून एक लिंबूसोडा.

रेघोट्या (डिचोली)

मुख्याध्यापिकांना कागद दाखवला. शेवट तसाच राहू देण्यास त्यांनी होकार दिला, परंतु मुलाच्या वडिलांना कोणी ओळखू नये अशी अट घातली आणि ती मला योग्य वाटते. मी मुलाला तसे सांगितले. त्याने रबर घेऊन चारही चौकटींतील मिशी स्वतःच खोडली आणि बाबांना चष्मा दिला. सोप्याच्या पायरीवर झोपलेले एका कानाचे मांजर मात्र त्याने तसेच ठेवले आहे. वाड्यावर तसे मांजर फक्त त्यांच्याच घरी आहे, असे मला आज त्याच्या शेजारच्या मुलीकडून कळले. कागद उद्या झेरॉक्सला द्यायचा आहे.